तिकोन्यावरच्या गोळीतलं शिसं कुठून आलं?

कोळवणहून जवणमार्गे तिकोनापेठेला जाणारा रस्ता पावसाळ्यात पुण्याच्या अर्ध्या इन्स्टाग्रामवर असतो. शेतं, ढग, मागे तिकोन्याचा त्रिकोण. गडावर गेलं की सगळे दरवाजा बघतात, पाण्याची टाकी बघतात, वरून तुंग, लोहगड, विसापूर ओळखायचा खेळ खेळतात. दगड इथलाच, पाणी इथलंच, माणसंही इथलीच मावळी. त्यामुळे गड म्हणजे स्वतःच्या पायावर उभी असलेली गोष्ट आहे असं वाटतं.

आता एकच प्रश्न विचारून बघा. या तटावर उभं राहून कुणी बंदुकीचा बार काढला असेल, तर त्या गोळीतलं शिसं कुठून आलं?

दारू, म्हणजे बंदुकीची बारूद, तीन गोष्टींची बनते: सोरा, कोळसा आणि गंधक. कोळसा तर रानात होताच. सोरा खारवट मातीतून काढता येतो आणि ते काम देशात बऱ्याच ठिकाणी चालायचं. गंधक बहुतांशी समुद्रमार्गे यायचं. राहिलं शिसं. सह्याद्रीचा हा सगळा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. या काळ्या दगडात तुम्ही लेणी कोरू शकता, तट रचू शकता, पण वितळवून गोळी करण्याजोगं शिसं त्यात सापडत नाही. मुळशीत नाही, मावळात नाही, पार कोकणच्या किनाऱ्यापर्यंत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे 'डिपेंडन्सी' नावाचा प्रकार असतो. तुमचा प्रोग्रॅम कितीही देखणा असो, आत कुठेतरी दुसऱ्याने लिहिलेला एक छोटा तुकडा वापरलेला असतो आणि तो तुकडा बंद पडला की तुमचंही सगळं बसतं. दख्खनच्या युद्धशास्त्रात शिसं हा तसा तुकडा होता. गडाच्या बखरीत त्याला जागा नाही, पण त्याच्याशिवाय बंदूक म्हणजे महागडी काठी.

दोन हजार वर्षांची आयात

ही गरज बंदुकीच्या आधीची आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी म्हणतो की भारताकडे तांबं नाही आणि शिसंही नाही. ते लोक रत्नं आणि मोती देऊन या वस्तू घेतात. पूर्ण भारताबद्दल हे खरं नव्हतं. राजस्थानात जावरच्या खाणी दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत. पण रोमन जहाजं ज्या पश्चिम किनाऱ्याला लागायची, त्या किनाऱ्याबद्दल प्लिनीचं निरीक्षण चुकीचं म्हणता येत नाही. 'पेरिप्लस' या त्याच काळातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात दारू, तांबं, कथील यांच्याबरोबर शिसंही आहे.

सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली. कोल्हापूर परिसरात अशी नाणी सापडली आहेत. सोनं-चांदी सोडून शिशाचं नाणं म्हणजे गरिबी, असं आपल्याला वाटू शकतं. पण जो धातू दूरवरून येतो, सहज वितळतो आणि ठसा छान घेतो, तो किरकोळ व्यवहाराच्या नाण्याला सोयीचाच होता. तिकोन्याच्या डोंगराआड बेडसे लेणी आहेत. ती कोरली जात होती त्या काळात याच घाटवाटांनी बंदरांचा माल वर येत होता. पुढे दीड हजार वर्षांनी बंदुका आल्या तेव्हा वाटा त्याच होत्या आणि माल चढवणारे बैलही तसेच.

शिसंच का?

लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात, तांब्याला 1085. शिसं 327 अंशांवर पाणी होतं. त्याला भट्टी लागत नाही, भाता लागत नाही, लाकडाची चूल पुरते. म्हणून तोफेचे लोखंडी गोळे कारखान्यात व्हायचे आणि बंदुकीची गोळी थेट गडावर, छावणीत, अगदी बंदूकवाल्याच्या हातानेही होऊ शकायची. पेशवाईत जुन्नरजवळ आंबेगव्हाणला तोफगोळ्यांचा कारखाना होता. बंदुकीच्या गोळीला मात्र लोखंडी पळी आणि चिमट्यासारखा उघडझाप होणारा साचा एवढं पुरे. वितळलेल्या शिशावर राखाडी मळी जमते, ती बाजूला सारायची, खालचं चकचकीत शिसं साच्यात ओतायचं, साचा उघडायचा आणि गोळीला राहिलेलं शेपूट कापून परत पळीत टाकायचं.

दुसरा गुण वजनाचा. एक घन सेंटिमीटर शिसं 11.34 ग्रॅम भरतं, लोखंड आठच्याही खाली. तेवढ्याच आकाराची गोळी जास्त जड असते, म्हणून हवेत वेग कमी गमावते आणि लांबवर मारा करते. तिसरा गुण मऊपणाचा. शिशाची गोळी नळीला ओरखडत नाही. शिसं संपलं की लोक खडे, लोखंडाचे तुकडे, खिळे भरायचे. पण त्यात नळी खराब व्हायची आणि नेमही जायचा.

बंदूक आणि शिसं यांचं नातं इतकं घट्ट की मापच त्यावर पडलं. खेड्यात आजही 'बारा बोअरची बंदूक' म्हणतात. यातला बारा हा आकडा इंचाचा नाही आणि मिलिमीटरचाही नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. म्हणजे बंदुकीचं नाव तराजूवर ठरलं.

आता थोडं गणित करू. तोड्याच्या बंदुकीची गोळी सरासरी 20 ग्रॅमची धरा. गडावर 100 बंदूकवाले आहेत आणि प्रत्येकाला 50 बार पुरतील एवढं शिसं हवंय. 5000 गोळ्या, म्हणजे 100 किलो. ऐकायला मोठा आकडा आहे, पण एवढं शिसं जागा किती घेतं? नऊ लिटरच्या आत. एक मध्यम बादली! एक बैल ते घाट चढवून आणू शकतो. तो बैल खाली बंदरावर अडवला, तर वर 100 बंदुका गप्प बसतात.

बंदरावरचं राजकारण

सतराव्या शतकात शिशाचा मोठा पुरवठा युरोपातून व्हायचा. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं इंग्लंडहून निघताना लोकरी कापडाबरोबर शिसंही घेत. भारतात विकायला युरोपकडे फारसं काही नव्हतं आणि हलकं जहाज वादळात कलंडू नये म्हणून तळाला वजन लागायचं. शिसं दोन्ही कामं करायचं: येताना निरमाचं वजन आणि पोचल्यावर विकायचा माल. जावरच्या खाणी होत्या, पण त्या मेवाडात. तिथून मावळात यायचं तर वाट मुघलांच्या मुलखातून. शिवाजी महाराजांच्या राज्याला त्यापेक्षा समुद्र जवळचा होता.

पण समुद्रावर बसलेले लोक नुसते दुकानदार नव्हते. पोर्तुगीज आपल्या परवान्याशिवाय, म्हणजे कार्ताझशिवाय, कुणाचं जहाज सुखाने जाऊ द्यायचे नाहीत आणि त्या परवान्यात लढाईचं सामान नेण्यावर बंदी असायची. इंग्रजांनी 1660 मध्ये काय केलं ते शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. महाराज पन्हाळ्यात अडकलेले असताना राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीला गेला. पुढच्याच वर्षी, 1661 मध्ये, महाराजांनी राजापूरवर छापा घातला आणि वखारीतल्या इंग्रजांना कैद केलं. आपण ही गोष्ट अद्दल घडवल्याची म्हणून ऐकतो आणि ती तशी आहेच. पण तिला दुसरी बाजू आहे. ज्यांना अद्दल घडवली, त्यांच्याशीच पुढची दहा-बारा वर्षं सौद्याची बोलणी करावी लागली. नुकसानभरपाई हवी म्हणून इंग्रज मागे लागले होते, आणि महाराजांच्या बाजूने तोफा, उखळी तोफा, दारूगोळा यांची मागणी होत होती. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध हे सामान हवं होतं. इंग्रज गोड बोलून टाळाटाळ करत राहिले, कारण सिद्दी आणि मुघल दोघांशी त्यांना बिघडवायचं नव्हतं.

मग दुसरा दुकानदार शोधला गेला. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म लिहितो की सुरतेच्या फ्रेंच वखारीच्या प्रमुखाकडून महाराजांनी 80 तोफा घेतल्या आणि त्याबरोबर आपल्या सगळ्या तोड्याच्या बंदुकांना पुरेल एवढं शिसं. ही 1673 च्या सुमाराची गोष्ट. या वाक्यातल्या 80 तोफा सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला त्यातला दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तोफ एकदा घेतली की ती वर्षानुवर्षं टिकते. शिसं मात्र झाडलं की गेलं, परत घ्यावं लागतं. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडून घेता यावं म्हणून दोन-तीन विक्रेते हाताशी ठेवणं, हे आजची कुठलीही कंपनी करते. इथे तर राज्याचा जीव त्यावर होता.

या अनुभवाचं सार आज्ञापत्रात उतरलंय. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या या ग्रंथात टोपीकरांबद्दल वेगळा इशारा आहे. पंत सांगतात, हे इतर सावकारांसारखे नव्हेत. यांच्या मागे राजे आहेत, यांना जमीन हवी असते आणि यांचं बळ आरमार, तोफा आणि दारूगोळी यांत आहे. किनाऱ्याजवळ त्यांना पक्की जागा देऊ नये. माल मात्र घ्यावाच लागत होता. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही त्याच्याकडूनच गोळीचं शिसं घ्यायचं, ही ती अडचण.

नवं शिसं, जुनं शिसं

शिशाची एक खासियत मात्र पंतांच्या बाजूची होती. ते संपत नाही. लाकूड जळतं, लोखंड गंजून झडतं, शिसं परत वितळवलं की परत शिसंच. मातीच्या बांधात घुसलेली चपटी गोळी उकरून काढली, तर ती पुन्हा गोळी होते. फुटकं भांडं, जुनी नळी, जाळ्याचं वजन, सगळं पळीत जाऊ शकतं. म्हणून जिथे खाण नाही तिथे मोड हीच खाण.

पण मोड घ्यायची तर तिची किंमत कशी करायची? हे कसब सोनारापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांचं सारखंच आहे. आधी वजन, शिशात दुसरा हलका धातू मिसळला असेल तर तेवढ्याच आकाराचा तुकडा हाताला हलका लागतो. मग नख. शुद्ध शिशावर नखाने ओरखडा उठतो, चाकूने कापलं तर आत चांदीसारखं चकाकतं आणि थोड्या वेळात काळवंडतं. मग आवाज. शुद्ध शिसं टाकलं तर भद्द वाजतं; खणखणलं तर त्यात काहीतरी मिसळलेलं आहे. शेवटी घट. वितळवल्यावर मळी किती निघाली आणि हातात किती राहिलं, यावर खरा भाव. शंभराचा माल घेऊन ऐंशीच उरत असेल, तर तो स्वस्तात घेतलेला मालही महाग.

यात एक मजेदार वळण आहे. मऊ म्हणजे चांगलं, हा नियम साध्या गोळ्यांपुरता. एकोणिसाव्या शतकात आतून पेच असलेल्या नळ्या सर्रास झाल्या, दारूचा जोर वाढला आणि वेगाने जाणारं मऊ शिसं नळीत घासून चिकटायला लागलं. मग शिशात अँटिमनी आणि कथील घालून ते मुद्दाम कडक करायची गरज पडली. इतके दिवस जे भेसळयुक्त म्हणून बाजूला टाकलं जायचं त्याला भाव आला. अमेरिकेत घरच्या घरी गोळ्या ओतणारे छंदिष्ट आजही भंगारात हेच शोधतात: जुने पाण्याचे पाइप (मऊ, जवळपास शुद्ध), गाडीच्या चाकाला लावायची जुनी वजनं (मध्यम कडक), आणि सगळ्यात मौल्यवान, बंद पडलेल्या छापखान्यातला टाइप. लायनोटाइप मशीनच्या धातूत साधारण 84 टक्के शिसं, 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील असतं. कडकपणा मोजायच्या ब्रिनेल मापावर शुद्ध शिसं 5 च्या आसपास आणि हे 22 च्या.

छापखान्याचा टाइप आणि बंदुकीची गोळी एकाच पळीतून निघू शकतात, हे वाचून मी थबकलो होतो. कारण महाराष्ट्राच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी एकाच माणसाच्या डोळ्यांत खुपल्या.

1878

त्याआधी 1818 कडे जाऊ. त्या वर्षीच्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथर मावळात उतरला. लोहगड-विसापूर फारसा प्रतिकार न होता पडले. मुळशीतला कोरीगड मात्र लढत राहिला. चार दिवस तो ऐकेना, मग इंग्रजांच्या माऱ्यात गडावरचं दारूकोठार उडालं आणि गड हातचा गेला. तुंग-तिकोनाही त्याच मोहिमेत इंग्रजांकडे गेले. ज्यांच्याकडून शिसं विकत घ्यावं लागत होतं, ते आता गडावरच आले होते.

यानंतर शिसं हा व्यापाराचा नाही, कायद्याचा विषय झाला. 1869 मध्ये खडकीला काडतुसांचा सरकारी कारखाना उभा राहिला, तो आजही आहे. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना 1878 चा हत्यारांचा कायदा आला. बंदूक, तलवार यांना परवाना, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण त्या कायद्याच्या व्याख्यांत 'लष्करी सामान' असा एक शब्द आहे आणि सरकार जाहीर करेल तेव्हा त्यात शिसं, गंधक आणि सोरा यांचाही समावेश करता येईल अशी तरतूद आहे. बंदूक लपवता येते, पण शिसंच अडवलं तर लपवलेली बंदूक काय कामाची? दोनशे वर्षं बंदरावर जे सौद्याने चाललं होतं, ते आता एका व्याख्येत बसवलं होतं. पुढच्याच वर्षी, 1879 मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी पुणे परिसरात बंड केलं. थोडी माणसं, तुटपुंजी हत्यारं. ते बंड त्याच वर्षी मोडलं.

त्याच लिटनने त्याच 1878 मध्ये देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा कायदा आणला. आक्षेपार्ह छापलं तर जामीन घ्या, आणि वेळ आली तर छापखान्याचं सामान जप्त करा. त्या सामानात सगळ्यात मोलाचं काय असायचं? खिळे, म्हणजे टाइप. शिसं, अँटिमनी आणि कथील. मुंबईत जावजी दादाजींनी 1864 पासून देवनागरी खिळे ओतायला सुरुवात केली होती, त्यातूनच निर्णयसागर उभं राहिलं. खिळे झिजले की परत वितळवायचे, परत ओतायचे, गोळीसारखंच.

4 जानेवारी 1881 ला 'केसरी' निघाला तेव्हा वृत्तपत्रांचा तो कायदा अजून लागू होता. 1882 मध्ये रिपनने तो रद्द केला. हत्यारांचा कायदा मात्र तसाच राहिला. थोडक्यात, सरकारने गोळीचं शिसं घट्ट धरून ठेवलं आणि खिळ्यांचं शिसं सोडलं. पुढे 1897 आणि 1908 मध्ये टिळकांवर राजद्रोहाचे खटले चालवले ते छापलेल्या शब्दांसाठी. कुठलं शिसं जास्त धोक्याचं, याचा सरकारचा अंदाज चुकला असं मला वाटतं.

आता

खिळ्यांचे छापखाने ऑफसेट आल्यावर बंद पडले आणि ते खिळे किलोवर भंगारात गेले. आज आपल्या भंगाराच्या दुकानातलं शिसं मुख्यतः बॅटरीतून येतं: गाडीची, ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची. पौड रस्त्याच्या कडेला जुनी बॅटरी वजनावर घेणारा माणूस तोच हिशेब करतो: वजन किती, आतलं अॅसिड धरून की काढून, वितळवल्यावर राहणार किती. अमेरिकेतला खाणीच्या शिशाचा शेवटचा मोठा स्मेल्टर 2013 च्या अखेरीस बंद झाला. तिथे तयार होणारं शिसं आता जवळपास सगळं मोडीतून येतं. मोड हीच खाण, हे महासत्तेलाही लागू झालं.

अमेरिकेतला हा छंद भारतात घरी करता येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात आणि बनवायला परवाना लागतो. पण शिसं वितळवण्याचा खरा धोका बंदुकीपर्यंत जातही नाही. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' यांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंताजनक आहे. भारतात अशी मुलं सुमारे 27 कोटी 50 लाख. उघड्यावर बॅटऱ्या फोडून वितळवणं हे त्याचं एक मोठं कारण. या शिशाला गोळी व्हावंच लागत नाही. ते धुळीतून आणि हातावरून पोटात जातं आणि मेंदूची वाढ खुंटवतं. 2022 च्या नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यांवरच ती परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे. ती साखळी खरंच पूर्ण होते का, की मधेच एखाद्या शेडमागच्या चुलीवर थांबते, हे ठरवणारा माणूस तुमची बॅटरी घेऊन जाणारा असतो. त्याने दिलेला भाव नेहमीपेक्षा जास्त का आहे, हे त्याला विचारायला हरकत नाही.

इतिहास वाचताना आपण किल्ला कुणी जिंकला हे विचारतो. किल्ल्यावर काय कुठून आलं, हे फार कमी वेळा विचारतो. तिकोन्याच्या मातीत एखादी चपटी गोळी अजूनही पडलेली असेल. तिचं शिसं इंग्लंडच्या खाणीतून निघून जहाजाच्या तळाशी बसून आलं असेल, कदाचित कुठल्या तरी जुन्या भांड्यातून वितळून आलं असेल. पण ते इथलं नव्हतं, आणि इथल्या माणसांना हे नेहमी माहीत होतं.